मतदार आणि मतपेटी यांच्यामधला रस्ता

निवडणूक जिंकायची सगळ्यात स्वस्त युक्ती कोणती? मतदारांना पैसे वाटणं खर्चाचं काम. सभा गाजवणं बेभरवशाचं. १८४१ साली कॅनडाच्या ब्रिटिश गव्हर्नरला यापेक्षा कितीतरी सोपी गोष्ट सुचली. त्यानं एकही मत चोरलं नाही, एकाही मतदाराचं नाव यादीतून उडवलं नाही. त्यानं फक्त मतदानाची जागा बदलली.

मतदारसंघाचं नाव तेरबॉन. माँट्रियल हे शहर नदीतल्या बेटावर वसलेलं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या बेटाच्या उत्तरेला नदी ओलांडली की लावाल, तेही एक बेटच. लावाल ओलांडून आणखी एक नदी पार केली की तेरबॉन लागतं. आज तिथे बैठ्या घरांच्या रांगा आहेत, रुंद महामार्ग आहेत, मोठाले मॉल आहेत आणि संध्याकाळी पुलांवर घरी परतणाऱ्या गाड्यांची रांग असते. वस्ती जवळजवळ सगळी फ्रेंच बोलणारी. वरवर पाहिलं तर लिहिण्यासारखं काहीच नाही असं उपनगर. पण मत देणारा माणूस आणि मत मोजणारी पेटी यांच्यामध्ये जो रस्ता असतो, त्यावर काय काय घडू शकतं हे बघायचं असेल, तर याच्याइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही.

तेव्हा मतदान कसं व्हायचं ते आधी पाहू, कारण ते आपल्या कल्पनेपलीकडचं आहे. मतपत्रिका नाही, पडदा नाही. उघड्यावर एक मंच. मतदारानं त्यावर चढायचं, आपलं नाव आणि आपली मालमत्ता सांगायची आणि जमलेल्या गर्दीसमोर मोठ्यानं उमेदवाराचं नाव घ्यायचं. कारकून ते वहीत लिहून घेणार. खाली उभे असलेले लोक टाळ्या वाजवणार किंवा शिव्या घालणार, आणि कधी कधी मंचावरून उतरल्यावर हिशेबही चुकता करणार. तुमचा सावकार त्या गर्दीत असेल, जमीनदार असेल, सासराही असेल. मतदान एका दिवसात संपायचंच असंही नव्हतं. मतं येत राहिली की केंद्र सुरूच राहायचं. तासभर एकही मतदार फिरकला नाही की ते बंद करता यायचं. म्हणजे विरोधकांना तासभर मंचापासून लांब ठेवायची ताकद ज्याच्याकडे, निकाल त्याच्याकडे! १८३२ साली माँट्रियलमधली एक पोटनिवडणूक अशी २३ दिवस चालली आणि शेवटी सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तीन माणसं मेली.

आता तेरबॉनकडे या. १८३० साली इथून लुई-इपोलित लाफोंतेन नावाचा तेवीस वर्षांचा वकील विधानसभेत निवडून गेला. पुढे १८३७ आणि १८३८ मध्ये फ्रेंच भाषकांच्या मुलखात ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड झालं आणि ते चिरडलं गेलं. लंडननं त्यावर उपाय काढला तो असा : फ्रेंचबहुल लोअर कॅनडा आणि इंग्रजीबहुल अप्पर कॅनडा हे दोन प्रांत एकत्र करून टाकायचे. लोअर कॅनडाची लोकसंख्या बरीच जास्त, तरी दोघांना सारख्याच म्हणजे प्रत्येकी ४२ जागा. विधिमंडळाच्या दप्तराची भाषा फक्त इंग्रजी. हेतू लपवलेला नव्हताच. फ्रेंच माणूस हळूहळू विरघळून जावा, एवढंच.

बहुतेक फ्रेंच पुढारी संतापले आणि या एकत्रीकरणावर बहिष्काराची भाषा करू लागले. लाफोंतेननं मात्र थंड डोक्यानं गणित मांडलं. इंग्रजी भागातही गव्हर्नरच्या मनमानीला कंटाळलेले सुधारक होतेच. फ्रेंच सुधारक आणि इंग्रज सुधारक एकत्र आले तर त्याच सभागृहात त्यांचं बहुमत होईल, आणि मग मंत्रिमंडळानं गव्हर्नरला नव्हे तर निवडून आलेल्या सभागृहाला जबाबदार राहावं, अशी मागणी रेटता येईल. ज्या पिंजऱ्यात आपल्याला कोंडलंय त्याच्याच चाव्या हस्तगत करायच्या! ऑगस्ट १८४० मध्ये त्यानं हा विचार एका जाहीर पत्रातून मांडला. पत्र कुणाला उद्देशून होतं? तेरबॉनच्या मतदारांना.

गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅमला हा माणूस सभागृहात नकोच होता. पण तेरबॉनमध्ये लाफोंतेनला हरवणं मतांच्या जोरावर शक्य नव्हतं. मतदान एकाच ठिकाणी व्हायचं आणि ती जागा ठरवणं गव्हर्नरच्या हातात. त्यानं निवडलं न्यू ग्लासगो. उत्तरेच्या टेकड्यांकडे, मतदारसंघाच्या पार कोपऱ्यात असलेलं, इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतवाल्यांचं छोटंसं गाव. दक्षिणेकडे नदीकाठी राहणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांनी हिवाळा सरता सरता, बर्फ आणि चिखल तुडवत तिथवर जायचं.

ते गेले. शेकडोंच्या संख्येनं लाफोंतेनबरोबर चालत गेले. आणि पोचल्यावर त्यांना काय दिसलं? मंचाकडे जाणारी वाट सोटे घेतलेल्या जमावानं अडवलेली. प्रतिस्पर्धी उमेदवार मायकल मॅककुलक याची माणसं आधीच मोक्याच्या जागा धरून बसली होती. लाफोंतेनचे लोक मागे हटणारे नव्हते. हातात काठ्या त्यांच्याही होत्या. पुढचं पाऊल टाकलं असतं तर प्रेतं पडली असती. लाफोंतेननं उमेदवारी मागे घेतली आणि आपल्या माणसांना घरी पाठवलं.

जिंकणारी बाजू एकही मत न मोजता हरली! इथे कुठल्याही नेत्याची कथा संपली असती. पण खरी मजा यापुढे आहे.

टोरांटोकडचा इंग्रज सुधारक रॉबर्ट बाल्डविन त्याच निवडणुकीत दोन मतदारसंघांतून निवडून आला होता. एक जागा त्याला सोडावीच लागणार होती. त्यानं टोरांटोच्या उत्तरेची, यॉर्कची चौथी जागा रिकामी केली आणि तिथल्या इंग्रज मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला : तेरबॉनहून हाकलून दिलेल्या या फ्रेंच कॅथलिक वकिलाला तुमचा प्रतिनिधी करा. जरा विचार करा. बंड चिरडून तीनच वर्षं झालेली. लाफोंतेन स्वतः १८३८ मध्ये काही काळ तुरुंगात होता. भाषा वेगळी, धर्मपंथ वेगळा, गाव शेकडो किलोमीटर दूर. कोण मत देणार?

त्यांनी दिलं. त्या भागात शॅरन नावाचं गाव आहे. तिथे क्वेकरांतून फुटून निघालेला ‘चिल्ड्रन ऑफ पीस’ नावाचा छोटा पंथ राहत होता. बँडबाजाची आवड असलेली, समतेवर श्रद्धा असलेली ही प्रोटेस्टंट माणसं लाफोंतेनच्या पाठीशी उभी राहिली. सप्टेंबर १८४१ मध्ये तेरबॉनचा माणूस टोरांटोच्या शेजारून सभागृहात पोचला. सिडनहॅमनं एक दार लावलं होतं, हा दुसऱ्याच घराच्या दारातून आत आला.

उपकाराची फेड व्हायलाही फार वेळ लागला नाही. १८४२ मध्ये दोघे सरकारात गेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मंत्रिपद स्वीकारलं की पुन्हा निवडून यावं लागे. बाल्डविन आपल्या मुलखात हरला. मग लाफोंतेननं त्याला रिमूस्कीची जागा मिळवून दिली. रिमूस्की कुठे? क्वेबेक शहराच्याही पुढे, सेंट लॉरेन्स नदी समुद्रासारखी रुंद होते तिथे. पूर्ण फ्रेंच मुलूख, आणि बाल्डविनला फ्रेंच बोलता येत नव्हतं! तरी तो तिथून निवडून आला. आपल्याला न आलेली भाषा निदान मुलींना यावी म्हणून पुढे त्यानं त्यांना क्वेबेक शहरातल्या जोगिणींच्या शाळेत शिकायला पाठवलं. १८४८ मध्ये याच जोडीचं सरकार आलं आणि मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार असतं हे तत्त्व त्या मुलखात कायमचं रुजलं. दोन भाषकांनी मिळून राज्य चालवायची कॅनडाची सवय कुठून आली असं विचारलं, तर उत्तराचा एक धागा न्यू ग्लासगोच्या अडवलेल्या वाटेपर्यंत जातो.

सत्ता हाती येताच या मंडळींनी निवडणुकीचे नियमही सुधारले. १८४२ च्या कायद्यानं मतदानाच्या जागी शस्त्रं, झेंडे आणि पक्षाच्या फिती आणायला मनाई केली. आपल्यावर बेतलेलं दुसऱ्यावर बेतू नये, असं वाटायला लावणारा कायदा. इथवर लाफोंतेन आपल्याला आवडू लागतो, नाही का? थोडं थांबा.

लोअर कॅनडात मताचा हक्क मालमत्तेवर ठरत असे आणि कायद्यात पुरुष-स्त्री असा स्पष्ट भेद केलेला नव्हता. त्यामुळे घरदार, जमीन नावावर असलेल्या स्त्रिया, विशेषतः विधवा, मंचावर चढून मत देत. १८३२ च्या माँट्रियलच्या त्या रक्तरंजित पोटनिवडणुकीत जवळपास २०० स्त्रियांनी मतदानात भाग घेतला होता. जगात फार थोड्या ठिकाणी तेव्हा असं दृश्य दिसलं असतं. आणि मग १८४९ मध्ये कायद्यात एक ओळ घातली गेली : स्त्रियांना मत नाही. ती ओळ घालणारं सरकार होतं लाफोंतेन आणि बाल्डविन यांचंच. ज्याची वाट सोट्यांनी अडवली गेली, त्यानं लेखणीच्या एका फटकाऱ्यात निम्म्या समाजाची वाट बंद केली. लोअर कॅनडाचाच पुढे क्वेबेक प्रांत झाला; तिथल्या स्त्रीला देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९१८ उजाडावं लागलं आणि प्रांताच्या निवडणुकीत १९४०. आजी मतदार आणि नात नाही, हा उलटा प्रवास मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत चक्रावणारा भाग वाटतो.

१८६७ मध्ये कॅनडाचं संघराज्य झालं आणि तेरबॉनमधून देशाच्या संसदेत ओटावाला आणि प्रांताच्या विधानसभेत क्वेबेकला असे दोन स्वतंत्र प्रतिनिधी जाऊ लागले. ओटावाला गेले रोद्रीग मासों, तेरबॉनच्या श्रीमंत घराण्यातले. क्वेबेकच्या विधानसभेत गेला जोझेफ-अडॉल्फ शापलो, अमोघ वक्ता. मासों पुढे संरक्षण खातं सांभाळणारे मंत्री झाले. शापलो प्रांताचा पंतप्रधान झाला आणि १८८२ मध्ये तेरबॉनमधूनच ओटावाला जाऊन तिथे मंत्री बनला. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात दोघेही, आळीपाळीनं, क्वेबेकचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. एका गावाच्या परिसरातून एवढं!

पण या गावाचा आणखी एक धागा आहे, आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. मासों यांच्या आईनं पश्चिमेकडच्या रेड रिव्हर वसाहतीतल्या काही हुशार मेती मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलला होता. मेती म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांचे लोक. त्या मुलांपैकी एक होता लुई रिएल. मोठेपणी त्यानं आपल्या लोकांच्या जमिनींसाठी दोनदा उठाव केला. पहिल्या उठावानंतर त्याचा उजवा हात असलेल्या आंब्रुआज लेपीनवर १८७४ मध्ये खुनाचा खटला चालला, तेव्हा त्याचं वकीलपत्र घ्यायला विनिपेगपर्यंत कोण गेलं? शापलो. आणि दुसऱ्या उठावानंतर, १८८५ च्या नोव्हेंबरात, रिएलला फाशी देणाऱ्या सरकारात मंत्री कोण होतं? तोच शापलो. क्वेबेक पेटून उठला, त्यानं राजीनामा द्यावा म्हणून दबाव आला, तो डळमळला, पण मंत्रिमंडळात राहिला. तेरबॉनच्या पैशानं शिकलेला माणूस फासावर गेला आणि तेरबॉनचा खासदार खुर्चीवर राहिला. त्यापुढच्या निवडणुकीत तेरबॉननं त्याला पुन्हा निवडून दिलं, हेही सांगायला हवं.

तोवर मतदानात एक क्रांती झाली होती. १८७४ च्या कायद्यानं संघराज्याच्या निवडणुकीत गुप्त मतपत्रिका आली. मंच गेला, ओरडून नाव घेणं गेलं. कागदाचा तुकडा, पेन्सिल, आडोसा आणि पेटी. आता सावकाराला कळणार नाही, सासऱ्याला कळणार नाही. पण एक गंमत लक्षात घ्या. कागद पेटीत पडला की तो कुणाचा हे देवालाही सांगता येत नाही. म्हणजे चुकून एखादं अवैध मत आत गेलं, तर नेमकं तेच वेचून बाहेर काढता येत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, दीडशे वर्षांनी तो लागणार आहे.

विसाव्या शतकातली बरीच वर्षं मी भरभर ओलांडतो. लिबरल पक्षाची पकड, अधूनमधून कॉन्झर्व्हेटिव्ह, १९६७ पासून तीन वर्षं देशाचे संरक्षणमंत्री असलेले इथले खासदार लेओ कादियू. लक्ष द्यायला हवं ते जमिनीकडे. शेतं गेली, महामार्ग आले, माँट्रियलमध्ये नोकरी करणारी तरुण कुटुंबं पुलापलीकडे घर घेऊ लागली. लोकसंख्या फुगली की मतदारसंघाच्या सीमा बदलाव्या लागतात. भाऊबंदकीत शेताचा बांध रात्रीतून सरकवावा, तसं हे काम पूर्वी सत्ताधारी खासदारच आपल्या सोयीनं करत. १९६४ पासून ते स्वतंत्र आयोगांकडे गेलं. जनगणना झाली की दर दहा वर्षांनी नवी रेषा. मधली काही वर्षं हा भाग शेजारच्या ब्लेनव्हिलशी जोडला गेला आणि मतदारसंघ ‘तेरबॉन-ब्लेनव्हिल’ झाला. २०१५ पासून तेरबॉन पुन्हा एकटं.

उपनगरी मतदाराचा एक स्वभाव असतो. त्याला घराणेशाहीची ओढ नसते, गावकीचं ओझं नसतं. वारा फिरला की तो फिरतो. १९८४ मध्ये क्वेबेकच्या ७५ पैकी ५८ जागा कॉन्झर्व्हेटिव्हांनी जिंकल्या, तेव्हा तेरबॉननंही त्यांचा रोबेर तुपां निवडला. या गृहस्थांनी एकाच कार्यकाळात काय करावं? पक्ष सोडला, अपक्ष झाले. मग डाव्या एनडीपीत गेले आणि क्वेबेकमधले त्या पक्षाचे पहिले खासदार ठरले. वर्षभरात तोही पक्ष सोडून पुन्हा अपक्ष! आपल्याकडच्या पक्षांतराच्या बातम्या वाचून कंटाळलेल्या मराठी वाचकाला इथे जरा घरच्यासारखं वाटेल. १९८८ मध्ये मतदारांनी पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्ह निवडला. १९९३ मध्ये तोच पक्ष अख्ख्या देशात दोन जागांवर आला. क्वेबेकचं स्वतंत्र राष्ट्र व्हावं म्हणणारा ब्लॉक केबेक्वा उसळून वर आला आणि तेरबॉन त्याचा बालेकिल्ला बनलं.

बालेकिल्ला? २०११ ची गोष्ट ऐका. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यांत एनडीपीची अशी लाट उठली की क्वेबेकमधल्या ५९ जागा तिच्या पदरात पडल्या आणि ब्लॉककडे उरल्या चार. लाट येणार हे खुद्द पक्षालाच ठाऊक नव्हतं. अनेक जागी अर्ज भरायचा म्हणून विद्यार्थी कार्यकर्त्यांची नावं दिली होती. तेरबॉन-ब्लेनव्हिलमध्ये नाव होतं शारमेन बोर्गचं. वय २०, मॅकगिल विद्यापीठातली विद्यार्थिनी. तिनं दहा-अकरा वर्षं खासदार असलेल्या ब्लॉकच्या दियान बुर्झ्वा यांना हरवलं. मॅकगिलचे असे आणखीही विद्यार्थी त्या लाटेवर संसदेत पोचले. परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं थेट ओटावात! चार वर्षांनी लाट ओसरली, मिशेल बुद्रियास यांनी २०१५ मध्ये जागा ब्लॉककडे परत आणली, २०१९ मध्ये राखली, आणि २०२१ मध्ये ती नाताली सिंक्लेअर-देगान्ये यांच्याकडे आली.

आणि मग २०२५.

त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणू लागले, आयातकराची कुऱ्हाड उगारली गेली आणि कॅनडातलं राजकारण महिन्या-दोन महिन्यांत उलटंपालटं झालं. वेगळ्या क्वेबेकचं स्वप्न बाळगणाऱ्या कित्येकांनाही वाटलं की आधी कॅनडा तर टिकवू. लिबरल पक्ष मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली मरणाच्या दारातून परतला. तेरबॉनमध्ये ब्लॉकच्या सिंक्लेअर-देगान्ये यांच्यासमोर लिबरलांनी तातियाना ऑग्युस्त ही तरुणी उभी केली होती. आघाडीच्या दोन्ही उमेदवार स्त्रिया; १८४९ ची ती ओळ लिहिणाऱ्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

२८ एप्रिलच्या रात्री ऑग्युस्त थोडक्यात जिंकल्याचं जाहीर झालं. कॅनडात संसदेच्या निवडणुकीत यंत्रं नाहीत. कागदी मतपत्रिका, हातानं मोजणी. त्यामुळे पुढचे काही दिवस प्रत्येक केंद्राचे तक्ते तपासून बेरजा पक्क्या केल्या जातात. त्या तपासणीत आकडे सरकले आणि सिंक्लेअर-देगान्ये ४४ मतांनी पुढे गेल्या. आता कायदा असा : अंतर एकूण वैध मतांच्या हजारांश भागापेक्षा कमी असेल तर न्यायाधीशांच्या देखरेखीखाली फेरमोजणी आपोआप होते. इथे मतं साठ हजारांच्या आसपास, म्हणजे उंबरठा साधारण साठचा. फेरमोजणी सुरू झाली. एकेक कागद उजेडात धरायचा. खूण वर्तुळाच्या आत आहे ना? फुली असो, बरोबरची खूण असो, वेडीवाकडी रेघ असो, चालते. पण मतदार ओळखू येईल असं काही लिहिलं असेल तर बाद.

१० मे रोजी निकाल लागला. ऑग्युस्त २३,३५२. सिंक्लेअर-देगान्ये २३,३५१.

एक मत! शेहेचाळीस हजारांहून जास्त लोकांनी दोघींपैकी एकीचं नाव निवडलं आणि तराजू एका कागदानं झुकला. हे गावकीच्या सोसायटीचं पंचमंडळ नव्हे, ३४३ जागांच्या संसदेतली जागा. आणि लिबरलांना बहुमताला तीनच जागा कमी पडत होत्या.

बातमी छापून आली आणि तेरबॉनमधल्या एका स्त्रीच्या पोटात गोळा आला. तिनं टपालानं मत दिलं होतं, ब्लॉकला, आणि निवडणूक उलटून गेल्यावर ते पाकीट तिच्याच घरी परत आलं होतं.

टपाली मताची रचना मोठी सुंदर आहे. कोऱ्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. ती एका निनावी पाकिटात. ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, ज्यावर तुमचं नाव आणि सही. कार्यालयात बाहेरच्या पाकिटावरून खात्री करायची की मतदार खरा आहे, मग आतलं निनावी पाकीट वेगळं करायचं. ओळख आणि गुप्तता दोन्ही सांभाळल्या. परतीचा पत्ता निवडणूक कार्यालयानं आधीच छापलेला असतो, तिकीटही लावावं लागत नाही. अट एकच : मतदान संपायच्या आत पोचलं पाहिजे.

आणि चूक नेमकी त्या छापील पत्त्यात होती. टपाल क्रमांकाचा काही भाग चुकला होता. सुमारे ४० पाकिटांवर. बरीचशी तरीही पोचली, कारण टपाल खात्यातली माणसं शहाणी असतात. हे एक नाही पोचलं. सिडनहॅमला मतदान केंद्र हलवायला सत्ता वापरावी लागली होती. इथे कुणाच्याही मनात काही नसताना, तीन-चार अक्षरांच्या घोळात, एका मतदारापुरतं मतदान केंद्र नाहीसं झालं.

यापुढचा पेच कायद्याचा, आणि फार देखणा. कॅनडाच्या कायद्यात, निकालावर परिणाम करणारी अनियमितता झाली असेल तर कुठलाही मतदार किंवा उमेदवार न्यायालयात जाऊ शकतो. पण गुप्त मतदानात परिणाम झाला हे सिद्ध कसं करणार? मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेला मुद्दा तो हाच. २०११ मध्ये टोरांटोच्या इटोबिको सेंटर या मतदारसंघात २६ मतांनी निकाल लागला होता आणि खालच्या न्यायालयानं ७९ मतं सदोष ठरवून निवडणूक रद्द केली होती. तिथे कसोटी वापरली गेली ती साध्या वजाबाकीची : कुणाला पडली हे विचारायचंच नाही, सदोष मतांची संख्या विजयाच्या अंतराएवढी किंवा त्याहून जास्त आहे का, एवढंच बघायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमतानं तो निकाल फिरवला आणि निवडणूक वैध ठरवली. कारकुनी चुकांसाठी हजारोंची मतं पुसून टाकायची नाहीत, असा त्यामागचा कल.

आता तेरबॉनला तीच वजाबाकीची कसोटी लावा. अंतर किती? एक. हरवलेली मतं किती? निदान एक. वजाबाकी पहिलीतलं पोरही करील. पण प्रश्न दुसराच निघाला : छापताना झालेली नकळत चूक ही कायद्याच्या अर्थानं ‘अनियमितता’ आहे का? ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वेबेकच्या उच्च न्यायालयानं सांगितलं, नाही. ही घाईत झालेली मानवी चूक, निकाल कायम. अशा खटल्यात अपील मधल्या पायऱ्या न चढता थेट सर्वोच्च न्यायालयात जातं. ते गेलं, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उलट निर्णय दिला. तेरबॉनची निवडणूक रद्द. तोवर नऊ महिने ओटावात बसलेल्या ऑग्युस्त यांची जागा रिकामी, पुन्हा मतदान.

समजा, ते पाकीट वेळेवर पोचलं असतं. मग काय झालं असतं? २३,३५२ विरुद्ध २३,३५२. बरोबरी. बरोबरी झाली की आपल्याकडे चिठ्ठी टाकतात. २०१७ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत गिरगावच्या एका प्रभागात तसंच झालं होतं. कॅनडात पूर्वी निवडणूक अधिकारी स्वतःचं एक मत टाकून कोंडी फोडायचा. १९६३ मध्ये क्वेबेकमधल्याच एका मतदारसंघाचा खासदार असा ठरला. पण तो अधिकार आता उरलेला नाही. आजचा कायदा सांगतो की फेरमोजणीनंतरही बरोबरी राहिली, तर दोघींपैकी कुणीच निवडून आलेलं नाही आणि तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची. म्हणजे पाकीट पोचलं असतं तरी तेरबॉनचे मतदार पुन्हा रांगेतच उभे राहिले असते. फक्त नऊ महिने आधी.